ट्रेनिंगमधे गेला

मागच्या हिवाळ्यात आई-बाबा दोन महिने इकडे आमच्याकडे राहायला आले होते. पहिल्या पंधरा दिवसांत बुर्ज खलिफा, मॉल, अबूधाबीची मोठी मशीद, वाळवंटात जीपमधून हाडं खिळखिळी करून घेणं असं सगळं यथासांग पार पडलं. मग एका सकाळी चहा पिताना बाबांनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला, "काय रे, इथे जुनं असं काही नाहीच का?"

आमचे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आयुष्यभर होते. पुण्यातल्या माणसाला शंभर वर्षांच्या आतलं सगळं 'परवाचं' वाटतं, त्यात ते सेवानिवृत्त. आणि इथे देशाचाच जन्म १९७१ सालचा. म्हणजे बाबा वयानं देशापेक्षा मोठे! त्यांना काय जुनं दाखवणार?

तर त्या शुक्रवारी... चुकलो, शनिवारी (इथली आठवड्याची सुट्टी २०२२ पासून शनिवार-रविवार झाली आहे, पण जुनी सवय जात नाही) सगळ्यांना गाडीत घातलं आणि पूर्व किनाऱ्याकडे निघालो. शारजाहून खोर फक्कानला जायला आता डोंगर फोडून बोगद्यांचा नवा रस्ता झालाय. तासा-दीड तासात माणूस इराणच्या आखातावरून ओमानच्या आखातावर पोचतो. तिकडचा किनारा दुबईच्या बाजूपेक्षा फार वेगळा. समुद्र, मग खजुराच्या झाडांची अरुंद पट्टी, आणि लगेच मागे उभे चढलेले हजर डोंगर. आई म्हणाली, "हे तर आपलं कोकण." अगदी खरं. फक्त कोणीतरी त्यातला हिरवा रंग खोडरबरानं पुसून टाकल्यासारखं.

बिदियाची जुनी मशीद पाहिली. चार बुटके घुमट, माती-दगडाची, पंधराव्या शतकातली मानतात. बाबा खूश झाले. मग उत्तरेला दिब्ब्याच्या दिशेनं जाताना धदना नावाचं गाव लागलं. तिथे मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागच्या उघड्याबोडक्या डोंगरांकडे बोट दाखवून म्हटलं, "बाबा, या डोंगरांत १९४३ साली एक बॉम्बर विमान पडलं."

बाबा खाली उतरले. खाली उतरून बघण्यासारखं खरं तर तिथे काहीच नव्हतं. तपकिरी-काळे दगड, एक-दोन शेळ्या आणि विजेचे खांब. पण ते बराच वेळ वर बघत उभे राहिले. मग विचारलं, "माणसं?"

विमान होतं ब्रिटिश हवाई दलाचं व्हिकर्स वेलिंग्टन, क्रमांक एचएक्स ७४८. महिना फेब्रुवारी १९४३. आणि त्यात जो मारला गेला त्याचं नाव होतं सार्जंट विल्यम डॉनेली.

"कोणी पाडलं?"

कोणी नाही. त्या आकाशात शत्रूचं विमान असण्याची शक्यताच नव्हती. विमान डोंगरात पडलं, इतकंच.

बाबा "हं" म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. त्या "हं" मागे काय होतं ते संध्याकाळी कळलं. त्याकडे नंतर येतो.

आता मुळात प्रश्न असा की १९४३ मधे या टोकाला बॉम्बर विमानाचं काय काम? तेल म्हणाल तर इथलं तेल अजून सापडायचं होतं. मोती काढण्याचा धंदा जपानी कृत्रिम मोत्यांनी बसवला होता. पण इंग्रजांना हिंदुस्थानात जायला वाट हवी होती. तेव्हाची विमानं एका दमात फार लांब जात नसत. आपल्या लाल डब्यासारखी प्रत्येक स्टँडावर थांबत थांबत जायची. 'इंपिरियल एअरवेज'चा लंडन-कराची मार्ग आधी इराणच्या किनाऱ्यानं होता. इराणशी जमेना म्हणून कंपनी आखाताच्या अलीकडच्या तीरावर आली आणि १९३२ मधे शारजाच्या शेख सुलतान बिन सक्र यांच्याशी करार झाला. वाळूत एक धावपट्टी आणि प्रवाशांना रात्रीच्या मुक्कामाला किल्ल्यासारखं बांधलेलं विश्रामगृह. भाडं ठरलं रुपयात! तेव्हा या किनाऱ्यावर चलन आपलाच रुपया होता, आणि कुठल्या ना कुठल्या रूपात तो इथे १९६६ पर्यंत चालला. शारजात उतरणारा प्रवासी दुसऱ्या दिवशी ग्वादरमार्गे कराची गाठायचा. थोडक्यात हा मुंबई प्रांताच्या अंगणाचाच बाहेरचा कोपरा होता. आज इथे येणारे आपण काही पहिले नव्हेत.

मार्ग सोपा मात्र नव्हता. १ मार्च १९४० ला 'हॅनिबल' नावाचं चार इंजिनांचं, दोन मजली पंखांचं प्रवासी विमान इराणच्या जास्कहून शारजाला यायला निघालं आणि ओमानच्या आखातावर कुठेतरी नाहीसं झालं. आत आठ माणसं होती. त्यांत मद्रासचे मोठे पुढारी सर ए. टी. पन्नीरसेल्वम हेही होते, लंडनला भारतमंत्र्यांच्या सल्लागाराचं पद घ्यायला निघालेले. शत्रू तिथेही नव्हता. हा किनारा आणि त्यामागचा समुद्र विमानं गिळायला शत्रूची वाट बघत नसे.

युद्ध पेटल्यावर शारजाची धावपट्टी हवाई दलाच्या कामाला आली. १९४२ मधे २४४ क्रमांकाचं स्क्वाड्रन इथे येऊन बसलं. काम काय, तर आखाताच्या तोंडाशी पाणबुड्या शोधणं. इराण-इराकचं तेल घेऊन बाहेर पडणारी जहाजं याच होर्मुझच्या चिंचोळ्या खिंडीतून जायची, आणि जर्मन पाणबुड्यांना त्याचा वास लागला होता. शिवाय पूर्वेकडे, म्हणजे आपल्याकडे, विमानं पोचवण्याचा रस्ताही आखातावरूनच. १९४२ पासून हिंदुस्थानात ९९ आणि २१५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनांकडे वेलिंग्टन विमानं होती, ती काही बोटीतून आली नव्हती.

इथली शत्रूची एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६ ऑक्टोबर १९४३. २४४ स्क्वाड्रनचं एक बिस्ली विमान (म्हणजे ब्लेनहाइमचंच शेवटचं, जड आणि मरगळलेलं रूप. वैमानिकांना ते फारसं आवडत नसे) सार्जंट लुइस चॅपमन चालवत होता. त्याला फुजैराच्या समोर ओमानच्या आखातात पाणबुडी दिसली. यू-५३३. जर्मन नौदलानं हिंदी महासागरात पाठवलेल्या ज्या गटातली ती होती त्याचं नाव 'मान्सून'! पाणबुडी बुडी मारत असतानाच चॅपमननं पाणबुडीविरोधी बॉम्ब टाकले आणि ती ५२ माणसांसकट तळाशी गेली. एकच खलाशी वाचला, ग्युंटर श्मिट. पाण्याखाली असलेल्या पाणबुडीच्या झडपेतून तो बाहेर पडला आणि जवळजवळ २८ तास पोहत खोर फक्कानच्या किनाऱ्याला लागला. तिथून त्याला ताब्यात घेतलं ते रॉयल इंडियन नेव्हीच्या 'हिरावती' जहाजानं. म्हणजे त्याला कैद करणारे आपलेच लोक. ती पाणबुडी २००९ मधे पाणबुड्यांनी (म्हणजे माणसांनी. मराठीत दोघांना एकच शब्द, काय करणार!) शंभर मीटरहून खोल पाण्यात शोधून काढली.

ही गोष्ट मी गाडीत सांगत होतो तेव्हा आईसुद्धा कान देऊन ऐकत होती. २८ तास पोहणारा माणूस कोणाला आवडणार नाही? या किनाऱ्याच्या युद्धाबद्दल जे काही लिहून येतं त्यात यू-५३३ पहिली येते. शोध, हल्ला, विजय, आणि वर एक चमत्कार. कथेला लागतं ते सगळं आहे. त्याच वर्षी आठ महिने आधी त्याच किनाऱ्याच्या डोंगरात मेलेल्या डॉनेलीच्या वाट्याला मात्र एक ओळ. कारण त्याच्या गोष्टीत खलनायकच नाही.

आता वेलिंग्टनबद्दल थोडं. (ज्यांना यंत्रांचा कंटाळा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील, पण न सोडलेत तर मला बरं वाटेल.)

माझी पीएच्.डी. इंग्लंडात झाली. विषय धातूंचा थकवा, म्हणजे सळई वारंवार वाकवली की एक दिवस का मोडते, हेच चार वर्षं मोठ्या शब्दांत सांगणं. तेव्हा लंडनच्या नैऋत्येला ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात पहिल्यांदा वेलिंग्टन पाहिलं आणि तिथून हलेना. बहुतेक विमानांचा सांगाडा आपल्याला कातडीखाली कल्पनेनं बघावा लागतो. हे विमान उघडंच होतं आणि आत चक्क टोपली विणलेली होती. बुरूड जशी बांबूच्या कामट्या तिरप्या एकमेकींवरून घालत टोपली वळतो, तशा ड्युरॅल्युमिनच्या पट्ट्या तिरप्या, एकमेकींना छेदत अख्ख्या धडाभोवती गुंडाळलेल्या. ही कल्पना बार्न्स वॉलिस या अभियंत्याची. आधी तो आर-१०० या अवाढव्य हवाई जहाजावर काम करत असे, आणि पुढे १९४३ मधे धरणं फोडणारा, पाण्यावर टप्पे घेत जाणारा बॉम्बही त्यानंच केला. टोपलीची गंमत अशी की तिची एक कामटी तुटली तर भार शेजारच्या कामट्या वाटून घेतात. त्यामुळे गोळ्यांनी चाळण झालेली वेलिंग्टन विमानं घरी परत यायची. वरून पत्रा नाही, नुसतं कापड ताणून त्यावर रोगण. कापड जळून गेलेली, सांगाडा उघडा पडलेली विमानं सुद्धा परतली आहेत. अशी साडेअकरा हजारांच्या आसपास विमानं बनली. ब्रॉटनच्या कारखान्यात १९४३ मधे कामगारांनी एक अख्खं विमान चोवीस तासांच्या आत जोडून दाखवलं होतं, प्रचारासाठी, त्यावर फिल्मही निघाली. आज जगात जेमतेम दोन उरली आहेत.

पण टोपली कितीही चिवट असली तरी ती उचलून धरायला इंजिनं लागतात. सुरुवातीच्या वेलिंग्टनला दोन पेगॅसस इंजिनं, प्रत्येकी साधारण हजार अश्वशक्तीची. त्यातलं एक बंद पडलं की भरलेलं विमान उंची धरून ठेवताना धापा टाकायचं. त्यात उष्ण प्रदेश. साधं गणित आहे. १५ अंश तापमानाला हवेची जी घनता असते ती ४५ अंशाला जवळजवळ नऊ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे पंखांना धरायला हवा कमी, इंजिनाला श्वास घ्यायला हवा कमी, पंख्याला ढकलायला हवा कमी. तिन्हीकडून तोटा. भरीला इथली वाळू. पिठासारखी बारीक, इंजिनात जाऊन पॉलिश पेपरचं काम करणारी. फेब्रुवारीत इथे हवा छान असते, तेव्हा डॉनेलीच्या विमानाला उन्हाचा दोष देता येणार नाही. पण समुद्राला लागूनच सरळ वर उठणारे डोंगर सगळ्या ऋतूंत असतात, आणि ते अंधारात किंवा ढगात दिसत नाहीत.

ब्रुकलँड्समधलं जे विमान आहे त्याचा क्रमांक एन २९८०, लाडाचं नाव 'आर फॉर रॉबर्ट'. त्याची गोष्ट मला धदनाच्या डोंगराखाली उभं असताना सारखी आठवत होती. १८ डिसेंबर १९३९ ला दिवसाढवळ्या जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर बावीस वेलिंग्टन गेली, त्यांतली बारा परत आली नाहीत. जी परतली त्यांत हे एक होतं. त्यानंतरही त्यानं मोहिमा केल्या, गोळ्या खाल्ल्या. मग, जुनं झालं म्हणून, त्याला आघाडीवरून काढलं आणि स्कॉटलंडमधे लॉसीमाउथच्या तळावर शिकाऊ पोरांना दिलं. एस्टीची जुनी गाडी लांब पल्ल्यावरून काढून तालुक्याच्या फेरीला लावतात, तसं. ३१ डिसेंबर १९४० ला, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ते सरावाच्या उड्डाणावर असताना हिमवादळात सापडलं आणि एक इंजिन बंद पडलं. खाली डोंगर. कप्तानानं बाकीच्यांना पॅराशूटनं उड्या मारायला सांगितलं आणि स्वतः सहवैमानिकाबरोबर विमान लॉक नेसच्या पाण्यावर उतरवलं, तेही इतक्या नेटकेपणानं की दोघे पंखावरून चालत बाहेर आले. होय, तेच राक्षसवालं लॉक नेस. १९७६ मधे सोनार घेऊन राक्षस शोधणाऱ्या अमेरिकन मंडळींना राक्षसाऐवजी हे विमान सापडलं, आणि १९८५ मधे ते वर काढलं.

उड्या मारलेल्यांपैकी एक सोडून सगळे वाचले. शेपटीतला तोफची सार्जंट जॉन फेन्सम याचं पॅराशूट नीट उघडलं नाही. वय वीस. ल्यूटनला त्याच्या गावी त्याला पुरलं.

ज्या विमानानं जर्मन लढाऊ विमानांच्या झुंडीतून सगळ्यांना परत आणलं, त्याच विमानाच्या सरावात एक पोरगा गेला. हा योगायोग आहे असं मला आधी वाटायचं. मग आकडे पाहिले. ब्रिटिश बॉम्बर कमांडमधे युद्धकाळात सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी उड्डाण केलं, त्यातले ५५,५७३ मेले. आणि त्यातले आठ हजारांहून जास्त शत्रूच्या हातून नव्हेत, तर सरावात, अपघातात, आपल्याच जमिनीवर. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक.

याची कारणं बघितली तर आश्चर्य वाटायचं थांबतं. शिकणारी पोरं अठरा-वीस वर्षांची, काहींनी साधी मोटार चालवलेली नाही. त्यांना मिळणारी विमानं आघाडीवरून उतरवलेली. मेकॅनिक अपुरे. शिकवणारे बरेचदा स्वतः तीस मोहिमा करून थकलेले, विश्रांती म्हणून इकडे पाठवलेले. रात्री दिवे विझवलेला देश, वर ढग, आणि वाट शोधायची तर नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. पण युद्धाला माणसं हवी असतात आणि ती उद्याच हवी असतात. त्यामुळे शिकवण्याचा वेग कोणी कमी करत नाही. अपघात हा मग हिशेबातलाच एक आकडा होतो. आमच्या धंद्यात आम्ही मालाची 'घट' धरतो तसा.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. १९४४ मधे हिंदुस्थानात मॉस्किटो नावाची लाकडी विमानं होती. लाकूड आणि सरस, पण त्या काळातलं अतिशय वेगवान विमान. ऑक्टोबरमधे रांचीजवळ सरावात बॉम्ब टाकताना एकाचा पंखाचा अर्धा भाग तुटून पडला आणि आतले दोघे गेले. पाठोपाठ आणखी अपघात झाले आणि नोव्हेंबरमधे ती विमानं जमिनीवर थांबवून तपासावी लागली. पहिला संशय अर्थातच हिंदुस्थानच्या दमट हवेवर. पण तपासात कारखान्यात सरस लावतानाच्या, जोडणीतल्या उणिवाही निघाल्या. उष्ण देशाला दोष देणं नेहमी सोयीचं असतं. माझ्याही कामात अजून ऐकतो मी हे.

असो. संध्याकाळकडे येतो.

परत आल्यावर बाल्कनीत बसलो होतो. बाबा म्हणाले, "समोरच्या काकू आठवतात ना तुला? त्यांचा मोठा?"

आठवतो ना. मी चौथी-पाचवीत असेन. आमच्या समोरच्या बिऱ्हाडातला दादा वैमानिक व्हायला गेला होता. सुट्टीत आला की आम्हा पोरांना जिन्यात बसवून हाताच्या पंजानं विमान कसं वळतं ते दाखवायचा. एका दुपारी शाळेतून आलो तर त्यांच्या दारात चपलाच चपला. मग तो फोटो, युनिफॉर्ममधला, हार घातलेला. काकू कोणी विचारलं की एवढंच म्हणत, "ट्रेनिंगमधे गेला." त्यावर समोरचा माणूस क्षणभर थांबायचा. त्याला काय बोलावं कळायचं नाही. युद्धात गेला असता तर शब्द तयार होते, वीरमरण, शहीद, चौकाला नाव. 'ट्रेनिंगमधे' म्हटलं की लोक म्हणत, "अरेरे, अपघात होय." जणू ट्रकनंच उडवलं.

बाबा म्हणाले, "मी सुद्धा तेच म्हटलं होतं रे. अपघात होय, म्हणून. त्यांच्या तोंडावर." आणि गप्प बसले.

मला वाटतं दुपारी डोंगराखाली त्यांनी "कोणी पाडलं?" विचारलं आणि "कोणी नाही" असं उत्तर आलं, तेव्हा त्यांना तेच आठवलं असावं. मी इतकी वर्षं बाहेर राहून, ढीगभर पुस्तकं वाचून जे हिशेब मांडत होतो ते त्यांच्याकडे एका वाक्यात होतं, आणि ते वाक्य त्यांना तीसेक वर्षं टोचत होतं.

मी त्यांना एक सांगितलं. इंग्रजांच्या नावानं आपण बोटं मोडतो, आणि मोडावीतच, पण युद्धातल्या मृतांच्या कबरी सांभाळणारं त्यांचं जे कमिशन आहे त्याचा एक नियम मला पटतो. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९३९ ते डिसेंबर १९४७ या काळात सैन्याच्या नोकरीत असताना मेला, एवढं पुरे. गोळीनं, इंजिन बंद पडून, की हिवतापानं, दगडावर काही फरक नाही. सेनापती आणि शिपाई यांचे दगड एकाच मापाचे. (पहिल्या महायुद्धातल्या हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांच्या बाबतीत आपण हे तत्त्व पाळलं नाही, हजारोंची नावं कुठेच कोरली नाहीत, हे त्या कमिशननं २०२१ मधे स्वतःच कबूल केलं. तेव्हा नियम चांगला, पाळणारे तुमच्या-आमच्यासारखेच.)

त्या पहिल्या युद्धातला आपला एक माणूस मी त्यांना मुद्दाम सांगितला. लेफ्टनंट श्री कृष्ण वेलिणकर, मुंबईचा, केंब्रिजला शिकलेला. त्याला वैमानिक व्हायचं होतं आणि हिंदी माणसाला अधिकारी-वैमानिक म्हणून घ्यायला तिथले लोक आधी तयार नव्हते. खटपट करून तो शिरला, डॉल्फिन विमान उडवायला लागला, आणि जून १९१८ मधे फ्रान्सवर गस्तीला गेला तो परतलाच नाही. जर्मनांच्या हाती पडून जखमांनी गेला. त्यांनी पुरताना थडग्यावर घातलेलं नाव इतकं बिघडलं होतं की तो वेलिणकर आहे हे ओळखायला युद्ध संपून काही वर्षं जावी लागली. आज फ्रान्समधे हांगार गावच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे, इतरांच्याच मापाचा. तो लढाईत गेला, तेव्हा बाबांच्या यादीत बसणारा. तरीही मराठी माणसांतल्या कितींना तो ठाऊक आहे? म्हणजे शत्रू असला की लोक लक्षात ठेवतात, हेही काही खरं नाही.

"असे दगड आपल्या खडकीला आहेत," बाबा म्हणाले. होळकर पुलाजवळचं ते वॉर सिमेट्री. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातल्या विखुरलेल्या कबरी तिथे एकत्र आणल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेच्या वर. बाबा कितीतरी वर्षं त्या बाजूनं सायकलनं कामावर गेले आणि एकदाही आत गेले नाहीत. "गोऱ्यांचं काहीतरी" म्हणून.

त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही शारजाला गेलो. ते जुनं विश्रामगृह आता अल महत्ता संग्रहालय आहे. जुनी विमानं रंगवून ठेवली आहेत, शाळेची पोरं येतात. आणि धावपट्टी? ती किंग अब्दुल अझीझ स्ट्रीट झाली. दोन्ही बाजूंना इमारती, औषधांची दुकानं, मल्याळी हॉटेलं, सिग्नलला थांबलेल्या टॅक्स्या. २४४ स्क्वाड्रनची विमानं इथूनच पाणबुड्या शोधायला उडत. आम्ही त्या धावपट्टीवरून चाळीसच्या वेगानं गेलो आणि पार्किंग शोधण्यात वीस मिनिटं घालवली. बाबा म्हणाले, "रस्ता सरळ आहे बघ, कुठे वळत नाही." धावपट्टीच ती, वळणार कुठे?

पुण्याला पोचल्यावर आठवड्याभरानं त्यांचा फोन आला. खडकीला आत जाऊन आले होते. म्हणाले, हवाई दलाचे दगड लगेच ओळखू येतात, वर गरुड कोरलाय. वयं वाचत गेले. एकवीस, वीस, बावीस, एकोणीस. कसे गेले ते कुठेच लिहिलेलं नाही म्हणाले.

मग इकडची तिकडची हवा, गुडघे, वीजबिल. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "समोरच्या काकूंकडे पण जाऊन आलो. थकल्यात आता. फोटो आहे तिथेच आहे. विमान कुठलं होतं म्हणून विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं रे, तासभर. तीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं म्हणाल्या."